पडद्यामागचं गाव

लग्न झालं की जोडीनं तुळजापूरला जायचं, देवीची ओटी भरायची आणि देवळाच्या पायऱ्या चढून वर आलं की फोटो काढायचा, हा क्रम मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी वर्षानुवर्षं पाळला. आमच्या अण्णांचा फोटो स्टुडिओ महाद्वारापासून हाकेच्या अंतरावर होता. त्यामुळे दर्शन घेतलेली नवी जोडपी कपाळावरचा मळवट पुसायच्या आत आमच्या बाकावर येऊन बसत.

त्यातला एक फोटो आत्ता माझ्या टेबलावर आहे. पोस्टकार्ड साइज, कृष्णधवल, कडा दातेरी. नवरा खुर्चीत बसलाय, गुडघ्यांवर दोन्ही हात सरळ ठेवून. त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ आहे आणि मनगटावर नवं घड्याळ. घड्याळ दिसावं म्हणून बाही मुद्दाम वर सारलेली. नवरी बाजूला उभी. तिच्या एका हातात ओटीचं नारळ आहे, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर. चुडा कोपरापर्यंत भरलेला, पण तो हिरवा होता हे फोटो सांगत नाही. कपाळभर पसरलेला मळवटही काळसर करडा उमटलाय. अण्णांकडे तेव्हा पूर्व जर्मनीची ओर्वो फिल्म असायची, नाहीतर उटीच्या कारखान्यात बनणारी आपली इंदू. लाल, हिरवा, निळा, सगळ्यांचं तिथं करड्यात रूपांतर व्हायचं. फिल्मच्या आधीच्या काळातल्या काचेच्या प्लेटांना तर लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंत कुंकू काळंभोर दिसतं आणि ते पाहून आजची मुलं विचारतात, पूर्वी बायका काळं कुंकू लावायच्या का?

या जोडप्याच्या मागं एक पडदा आहे. त्यावर रंगवलेला संगमरवरी जिना, दोन खांब, कमान, कमानीपलीकडं तळं आणि तळ्यात हंस. तुळजापुरात हंस पोहतील असं तळं नाही. दगडी पायऱ्या मात्र जागोजाग आहेत, आणि हे दोघं नुकतेच त्याच पायऱ्या उतरून, गोमुख आणि कल्लोळ तीर्थाचं पाणी अंगावर घेऊन, दर्शन करून परत चढले होते. तरी फोटोत आला तो रंगवलेला जिना. त्यामागं कारणं होती. नवरात्रात, पौर्णिमेला रस्त्यावर उभं राहायला जागा नसे, बाहेरचं ऊन डोळ्यांखाली सावल्या पाडी आणि दगडी पायरी लोकांच्या रोजच्या पाहण्यातली होती. आयुष्यातल्या एकुलत्या एका फोटोत काहीतरी वेगळं असावं, असं त्यांना मनापासून वाटे. त्या इच्छेचा मला आदरच आहे.

पण आपल्या जिल्ह्याचा वारसा फोटोंतून पाहायला बसलं की हा पडदा आडवा येतो. स्टुडिओच्या फोटोंत माणसं आहेत, त्यांचं गाव नाही. दुसरीकडं पुरातत्त्वाच्या अहवालांतले फोटो आहेत, त्यांत देवळं, लेणी आणि किल्ले आहेत, पण माणसं नाहीत. असलाच एखादा माणूस, तर खांबाची उंची कळावी म्हणून कडेला उभा केलेला. धाराशिवच्या चित्रांचे हे दोन ढीग. दोन्ही मौल्यवान आहेत, पण ते अजून एकमेकांशेजारी ठेवून कुणी पाहिलेले नाहीत. गेली काही वर्षं मी तेच करायला बसले आहे.

अहवालांच्या ढिगाची गोष्ट जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. तेव्हा फोटो काढणं म्हणजे काचेवर ओलं रसायन पसरायचं, ते ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालायचं आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायचं. उन्हाळ्यात तर सगळं मिनिटांचं काम. काचा, बाटल्या, तंबू, पाणी, सगळं बैलगाडीवर घेऊन ही मंडळी डोंगरांत जात. अजिंठ्याची भित्तिचित्रं कॅनव्हासवर उतरवण्यात मेजर रॉबर्ट गिल यांची वर्षांमागून वर्षं गेली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली आग लागली आणि तिथं ठेवलेल्या त्यांच्या प्रती जळाल्या. गिल यांनी काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचं पुस्तक मात्र त्याआधी, १८६४ सालीच छापून झालं होतं, म्हणून ते फोटो राहिले. कागदावर छापलेली चित्रं अनेक ठिकाणी एकाच वेळी राहू शकतात, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

आमच्या भागात हे वारं पोचलं ते जेम्स बर्जेस यांच्यासोबत. १८७५-७६ च्या हंगामात ते निजामाच्या मुलखात फिरले आणि त्यांचा अहवाल १८७८ साली निघाला. धाराशिव गावापासून काही किलोमीटरवर बालाघाटच्या डोंगरात कोरलेली लेणी त्यात आहेत. लेण्यांत पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आहे, पण सुरुवातीला ती बौद्ध असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. कनकामर मुनींनी अपभ्रंशात लिहिलेल्या 'करकंडचरिउ' या काव्यात याच डोंगराची आणि शेजारच्या तेरची कथा येते. हजारेक वर्षांपूर्वीच्या कवीला जी लेणी जुनी वाटत होती, ती एकोणिसाव्या शतकात आराखड्यांवर आणि चित्रांत आली.

तेव्हा हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला. संस्थानात छायाचित्रणाला दरबारी मान होता. सहावे निजाम महबूब अली खान यांनी लाला दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं आणि पुढं 'राजा' हा किताब दिला. याच दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला. तिथं पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो एक बाईच काढत असे, श्रीमती केनी-लेविक नावाची. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. आमच्या स्टुडिओत मी कॅमेऱ्यामागं उभी राहायला लागल्यावर ज्या बायका पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसायच्या, त्याच मान वर करून बघायला लागल्या. शंभरेक वर्षांपूर्वी हैदराबादेत नेमकी हीच गोष्ट कुणाच्या तरी लक्षात आली होती.

संस्थानाचं पुरातत्त्व खातं १९१४ साली सुरू झालं. त्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी यांनी अजिंठ्याची चित्रं रंगीत फोटोंसह चार खंडांत छापून घेतली. अजिंठ्याच्या वाट्याला जे आलं, ते तेर, नळदुर्ग, परांडा यांच्या वाट्याला आलं नाही.

तेरची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे, आणि फोटो काय करू शकतो हे सांगायला मला तीच सगळ्यात जवळची वाटते. तेर म्हणजे तेरणा नदीकाठचं, गोरोबाकाकांचं गाव. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं मोठं शहर असल्याचं लिहिलंय. तिथलं कापड भडोचच्या बंदरातून परदेशी जाई. ते तगर म्हणजे आपलं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. हेन्री कझिन्स यांनी जागेवर येऊन पाहणी केली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या अहवालात तेरवर सविस्तर लेख लिहिला. त्रिविक्रम मंदिराचं विटांचं, मागच्या बाजूला गोलाई असलेलं गजपृष्ठाकार बांधकाम त्यामुळं अभ्यासकांच्या नजरेत आलं. मुळात चैत्य असलेली, पुढं विष्णूचं देऊळ झालेली ही वास्तू देशातल्या उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या विटांच्या इमारतींत गणली जाते. आजही तिथं रोज पूजा होते.

पुढं तेरमधल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसानंतर पांढरीच्या टेकाडांवर उघडे पडणारे मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी, दिवे, शंखाचे आणि हस्तिदंताचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली. लोकांना ज्यात ठिकऱ्या दिसत, त्यात त्यांना गाव दिसत होतं. डग्लस बॅरेट हे ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक. त्यांचं 'तेर' नावाचं सचित्र पुस्तक १९६० साली मुंबईत निघालं आणि या खेड्यातला संग्रह जगभरच्या अभ्यासिकांत पोचला. त्यात सगळ्यात महत्त्वाची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती, वीतभरही नसेल. इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली जवळजवळ अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधी समुद्रापार पोचलेली. एक बाई नेपल्सच्या संग्रहालयात आणि एक तेरच्या. या दोघी प्रत्यक्ष शेजारी उभ्या राहणं अवघडच. त्यांचे फोटो मात्र एकाच टेबलावर ठेवता येतात. केसांचं वळण, कमरपट्ट्याच्या लडी, हातांतली बांगड्यांची रास आणि पायांतले जाड वाळे ताडून पाहता येतात. तेरणेकाठच्या गावाचा रोमन जगाशी असलेला संबंध पुराव्यानं दिसतो तो असा. लामतुरे संग्रहालयात शाळेच्या सहली येतात तेव्हा त्या मूर्तीजवळ मुलं थांबत नाहीत, कारण ती लहान आहे. मी त्यांना दोन्ही फोटो एका कागदावर छापून दाखवते. मग ती परत काचेपाशी जातात आणि नाक टेकवून बघतात.

नळदुर्गच्या बाबतीत माझं मत लोकांना पटत नाही, पण ते सांगते. पावसाळ्यात बोरी नदीला पूर आला की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळायला लागतात. त्या आठवड्यांत सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून येणाऱ्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तोच फोटो असतो, पांढरं पाणी, हिरवा डोंगर. फोटो सुंदर येतो, यात शंका नाही. पण त्यात नळदुर्ग दिसत नाही. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ यांच्या मधून नदी वाहती ठेवून तिला दगडी भिंतीनं अडवलंय, त्या भिंतीच्याच पोटात पाणीमहाल बांधलाय, वरून पाणी कोसळत असताना आत बसलेला माणूस कोरडा राहतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, हे घडवलं गेलं. ही हुशारी पाण्याच्या पडद्यामागं झाकली जाते. म्हणून मी नळदुर्गला चैत्र-वैशाखात जाते. तेव्हा बंधाऱ्याचा दगड न् दगड उघडा असतो. पाणी सोडायच्या वाटा, थरांची बांधणी, महालाच्या खिडकीची कमान, पुराच्या रेषांचे डाग, सगळं दिसतं. सकाळी दहाच्या सुमाराला उन्हाचा पट्टा महालात शिरतो आणि आतलं नक्षीकाम उजळतं. कर्नल मेडोज टेलर, ज्यांनी ठगाची कादंबरी लिहिली, ते १८५३ नंतर काही वर्षं नळदुर्गला अधिकारी होते आणि आपल्या आठवणींत त्यांनी या जागेबद्दल प्रेमानं लिहिलंय. पावसाळ्यातला एक फोटो काढाच. पण उन्हाळ्यातला दुसरा काढून त्याच्या शेजारी ठेवा, म्हणजे हे धबधबे माणसाच्या हातचे आहेत हे कळेल.

परांड्याच्या किल्ल्याबाबत उलटी अडचण आहे, तिथली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू तिथं नाहीच. अहमदनगरला १५४९ साली ओतलेली मुलूख-ए-मैदान तोफ पुढं परांड्याला होती आणि तिथून विजापूरला गेली. तिचा फोटो काढायला विजापूरच गाठावं लागतं.

आता तुळजापूर. गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई आहे आणि ती असावी, असं मी छायाचित्रकार असून म्हणते. घराघरांतल्या देव्हाऱ्यावर देवीचा जो फोटो लावलेला असतो, तो बाजारात छापून मिळणारा. लोक त्याला हळदकुंकू वाहतात, प्रवासाला निघताना त्याच्या पाया पडतात. नवरात्रातल्या मुरली, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी, रथ अशा अलंकार महापूजांची चित्रं आता त्याच दिवशी मोबाईलवर येतात. परगावच्या म्हाताऱ्या माणसांची त्यानं मोठी सोय झाली.

पण देवीच्या वर्षातलं जे वेगळेपण आहे, ते अलंकारांच्या चित्रांत मावत नाही. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, ती जागेवरून हलवता येते. वर्षातून तीनदा देवी मंचकावर निद्रेला जाते, नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघनाला मूर्ती साड्यांच्या दिंडात गुंडाळून पालखीतून मंदिराला प्रदक्षिणा घालते, मग कोजागरीपर्यंत पलंगावर विश्रांती घेते. ती पालखी बुऱ्हाणनगरहून येते आणि पलंग अहिल्यानगरहून, वाटेवरची गावं ओवाळत. हा मान पिढ्यानपिढ्या ठरलेल्या घराण्यांकडं आहे. सीमोल्लंघनाचे हजारो फोटो निघतात. कुंकवाची उधळण इतकी असते की लेन्सच्या खाचांतून ते पुढचे दोन महिने निघत राहतं. पण पालखीच्या दांड्याला खांदा देणारा माणूस कुठल्या गावचा, त्याच्या आजोबांच्या खांद्यावरही तोच दांडा होता का, हे एकाही फोटोखाली लिहिलेलं नसतं. आराधी बायकांचंही तसंच. हातात परडी, गळ्यात कवड्यांची माळ, संबळाच्या ठेक्यावर पेटता पोत. बाहेरून आलेल्या छायाचित्रकारांना तो जाळ हवा असतो आणि जाळाच्या उजेडातला सुरकुतलेला चेहरा. फोटो स्पर्धेत जातो, बक्षीस घेतो, खाली मथळा असतो 'श्रद्धा'. बाईचं नाव नाही, गाव नाही. मी पोत शांत होईपर्यंत थांबते, तिच्याशेजारी बसते, मेळा कुठला, माळ कुणी घातली, कितव्या वर्षी, हे विचारते आणि विचारूनच फोटो घेते. एक आराधीण मला म्हणाली होती, "नाव घाल गं बाई माझं, नातवंडं म्हणतील कुणाची तरी म्हातारी."

नावावरून पुन्हा अण्णांकडं येते. अण्णा प्रत्येक निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात घालत आणि पाकिटावर पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहीत, नाव, गाव, तारीख. फोटो धुऊन तयार व्हायला दोन दिवस लागत आणि भाविक तोवर थांबत नसत, म्हणून पोस्टानं पाठवायला पूर्ण पत्ता वहीत असे. आज त्या वह्या उघडल्या की देवीचा मुलूख कुठवर पसरलाय ते दिसतं. बार्शी, करमाळा, माढा, औसा, निलंगा, बीदर, आळंद, बसवकल्याण, जहीराबाद, थेट हैदराबादच्या वस्त्या. इतिहासाच्या पुस्तकात कुलदैवताचा प्रभाव एका वाक्यात लिहून मोकळं होता येतं. इथं तो घरागणिक नोंदलेला आहे.

डार्करूममध्ये माझ्याकडं रिटचिंगचं काम होतं. चेहऱ्यावरचे काळे डाग निगेटिव्हवर काचेसारखे पारदर्शक दिसतात. टोकदार पेन्सिलीनं तेवढी जागा बारीक ठिपक्यांनी भरली की छापलेल्या फोटोत डाग नाहीसा होतो. जोडप्यांसोबत आलेली घरची माणसं सांगून जात, "गोंदण तेवढं काढा." कपाळावरचा हिरवा ठिपका, हनुवटीवरचं तुळशीचं पान, गालावरचे तीन बिंदू, सगळं माझ्या पेन्सिलीखाली गेलं. आज मी ती पाकिटं परत उघडते तेव्हा पेन्सिलीचा थर ओल्या कापसानं हळूच उतरवते आणि निगेटिव्ह तसंच स्कॅन करते. गोंदण परत येतं. गोंदणाच्या नमुन्यांवर अभ्यास करणाऱ्यांनी गावोगावच्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह मागून पाहाव्यात. ज्या बायकांच्या अंगावर ती चित्रं होती, त्या आता फार थोड्या राहिल्या आहेत.

या सगळ्या कामाला खरी दिशा मिळाली ती उमरगा-लोहाऱ्याच्या भागात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण आपल्या जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावंही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. इतकी माणसं जायला कारण झाली ती घरं. मातीच्या चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर माळवद. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर चढायचा, पिढ्यान् पिढ्या. उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब देणारं ते छप्पर टनावारी वजनाचं झालं होतं. भिंती फुटल्या आणि ते वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

पुनर्वसनात नवी गावं वसली. सरळ रस्ते, ओळीत घरं, घरटी असलेल्या जमिनीप्रमाणं २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. ती भक्कम आहेत आणि ती बांधणं गरजेचंच होतं. जुनं गाव मात्र एका पहाटेत संपलं. ढेलज, वेस, पार, चावडी, गढीच्या भिंती, बळद, पेव, देवळ्या, सगळ्याचा ढिगारा झाला आणि पुढं त्यावर वेड्या बाभळी उगवल्या. त्या घरांचे फोटो कुणीच काढले नव्हते. बर्जेस-कझिन्स यांच्या दृष्टीनं ती स्मारकं नव्हती आणि आमच्या स्टुडिओत तर पडदाच लावलेला होता.

तरीही ते फोटो आहेत, हे मला लग्नाच्या अल्बमांनी दाखवलं. सत्तरच्या दशकानंतर तालुक्याच्या गावांतले फोटोग्राफर याशिका गळ्यात अडकवून लग्नघरी जायला लागले. एका रोलमध्ये बारा फोटो. हळद, रुखवत, अक्षता, कन्यादान, पंगत, पाठवणी. फोटोग्राफरचं लक्ष नवरा-नवरीवर असे, पण मागं पडदा टांगायची सोय नसे. नवरी दाराच्या चौकटीत उभी राही आणि चौकट आपोआप फोटोत येई.

लोहारा तालुक्यातल्या एका आजींकडं असा फोटो मिळाला. त्यांच्या धाकट्या नणंदेच्या हळदीचा. मी तो स्कॅन करून मोठा छापून नेला. आजींनी आधी माणसं ओळखली, त्यांतली कोण कोण त्या पहाटे गेली ते सांगितलं आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग बोट फोटोच्या उजव्या कोपऱ्याकडं सरकलं. "हे बग, बळदाचं त्वांड. हितनं जवारी काढायची. आन् ह्यो खांब दिसतुय का, त्याला पाळणा बांधायचो." नातू शेजारी बसला होता, नव्या गावात जन्मलेला. त्यानं वहीचं पान काढलं आणि आजी सांगतील तसं घर रेखाटायला लागला. ढेलज पूर्वेला, तिथून तीन पायऱ्या वर सोपा, सोप्याला चार खण, डाव्या हाताला देवघर, मागं न्हाणी, परसात पेव. नवरीच्या मागं फोटोत जेमतेम दीड खण दिसत होता. त्या दीड खणाच्या आधारानं बाकीचं सगळं घर कागदावर उतरलं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी यावं आणि असे आराखडे जिवंत साक्षीदारांसमोर काढून घ्यावेत, कारण जुनं गाव अंगावर वागवणारी ही शेवटची पिढी आहे.

हे फोटो भूकंपातून वाचले कसे, हा प्रश्न मला पहिल्यापासून होता. काही पत्र्याच्या पेटीत होते आणि पेटी ढिगाऱ्यातून सापडली. पण बरेचसे वाचले कारण ते त्या गावात नव्हतेच. लग्नाच्या फोटोची एक प्रत नवरीसोबत सासरी जाई, एक मामाकडं, एक थोरल्या बहिणीकडं. जी गावं पडली त्यांची चित्रं तिथून लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या पेट्यांत सुखरूप राहिली. म्हणून मी आता कुठल्याही गावात जाताना त्या गावच्या सुना कोणत्या गावच्या लेकी, हे आधी विचारते.

तुमच्या घरात असे फोटो असतील तर काही गोष्टी आजच करा. चिकटपट्टीच्या आणि प्लॅस्टिकच्या अल्बममधून ते बाहेर काढा, त्यातला गोंद काही वर्षांत फोटोचा वरचा थर उचलतो. चिकटले असतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. मागं बॉलपेननं लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिलीनं कडेला हलकं लिहा. मोबाईलनं प्रत घ्यायची असेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, वरून सरळ घ्या, फ्लॅश बंद ठेवा, आणि मागच्या बाजूचाही घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. निगेटिव्ह हाती लागल्या तर फेकू नका. त्यांत छापलेल्या फोटोपेक्षा किती तरी जास्त भरलेलं असतं. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपुढं फोटो ठेवून आधी माणसांबद्दल विचारा, मग मागच्या भिंतीबद्दल. तिचं बोलणं रेकॉर्ड करा.

सध्या मी पडलेल्या गावांपैकी एकाच्या वेशीच्या शोधात आहे. वेस दगडी होती, कमानीवर दोन्ही बाजूंना हत्ती कोरलेले होते, असं तिघाचौघांनी वेगवेगळं सांगितलंय, पण हत्तींची सोंड वर होती की खाली यावर त्यांचं एकमत नाही. नवरदेवाची वरात वेशीतून आत येई आणि नारळ फोडायला थांबे, त्यामुळे कुठल्या तरी वरातीच्या फोटोत ती असायलाच हवी. त्या गावच्या लेकी दिल्या होत्या त्या आळंद, बसवकल्याण, अक्कलकोट, निलंगा या भागांत. तुरी निघाल्या की मी त्या बाजूला जाणार आहे. पत्ते अण्णांच्या वहीतून उतरवून घेतले आहेत.